औषधाची माहिती शोधताना: पबमेड आणि इतर वैद्यकीय डेटाबेस कसे वापरावेत

क्लोपिडोग्रेल घेणाऱ्या रुग्णाला ओमेप्राझोल दिले तर चालेल का? हृदयाच्या रक्तवाहिनीत स्टेंट बसवल्यावर क्लोपिडोग्रेल आणि ॲस्पिरिन ही रक्ताच्या गुठळ्या रोखणारी औषधे बरेचदा एकत्र चालू असतात. पोटातून रक्तस्राव होऊ नये म्हणून ओमेप्राझोलसारखी आम्ल कमी करणारी गोळी जोडावीशी वाटते. प्रश्न रोजचाच आहे. पण ही दोन नावे पबमेडमध्ये टाकली की लेखांचा ढीग समोर येतो. काही लेख धोका आहे म्हणतात, काही नाही म्हणतात. नवखा माणूस पहिल्या पानावरचे दोन-तीन सारांश वाचतो आणि जो आधी दिसला त्यावर विसंबतो.

औषधनिर्माणशास्त्राचे विद्यार्थी, नर्स, नव्याने कामाला लागलेले डॉक्टर आणि रुग्णालयातील फार्मासिस्ट यांना डोळ्यांपुढे ठेवून हे लिहिले आहे. माझा आग्रह एकच आहे. शोध असा करा की दुसऱ्या कुणालाही तो जसाच्या तसा पुन्हा करता यावा, आणि उत्तर देताना काय सापडले याबरोबर कुठे शोधले आणि कुठे शोधले नाही हेही सांगता यावे. औषधाच्या बाबतीत या दुसऱ्या गोष्टीला फार मोल आहे.

खाली शोधशब्द देवनागरीत दिले आहेत. सर्च बॉक्समध्ये ते अर्थातच इंग्रजीत टाकायचे.

प्रश्न आधी कागदावर

रुग्ण कोण, औषध कोणते, कोणत्या मार्गाने आणि किती मात्रेत, आणि आपल्याला नेमका कोणता परिणाम जाणून घ्यायचा आहे, हे सगळे एका वाक्यात लिहा. शेवटचा भाग सर्वांत जास्त वेळा सुटतो. क्लोपिडोग्रेल शरीरात गेल्यावर यकृतातील एन्झाइममुळे सक्रिय होते. त्यात सीवायपी २सी१९ या एन्झाइमचा मोठा वाटा असतो आणि ओमेप्राझोल नेमके तेच एन्झाइम अडवते. त्यामुळे ‘ओमेप्राझोलने क्लोपिडोग्रेलचा प्लेटलेटवरचा परिणाम कमी होतो का’ हा एक प्रश्न झाला, आणि ‘त्यामुळे हृदयविकाराचे झटके वाढतात का’ हा दुसरा. दोन्हींची उत्तरे वेगवेगळ्या प्रकारच्या अभ्यासांत आहेत आणि ती सारखी नाहीत. लेख एकमेकांशी भांडताना दिसतात त्याचे अर्धे कारण हेच, की ते दोन वेगळ्या प्रश्नांना उत्तर देत असतात.

पबमेड उघडण्यापूर्वी

प्रौढ माणसाचा नेहमीचा डोस, मूत्रपिंडाच्या आजारात डोस किती कमी करायचा, गोळी चुरून देता येते का, असल्या प्रश्नांसाठी शोधनिबंध धुंडाळू नयेत. त्यासाठी औषधाचे अधिकृत माहितीपत्रक, म्हणजे लेबल, पाहावे. अमेरिकेत मंजूर औषधांची लेबले ‘डेलीमेड’ या संकेतस्थळावर फुकट मिळतात. युरोपियन मेडिसिन्स एजन्सी तिने तपासलेल्या औषधांचे मूल्यमापन अहवालही प्रसिद्ध करते. या अहवालांकडे नवखे लोक सहसा फिरकत नाहीत. प्रत्यक्षात नियामक संस्थेने कंपनीकडे कोणते आक्षेप घेतले आणि कोणत्या चाचण्यांवर मंजुरी दिली हे तिथे पुष्कळ तपशिलात वाचायला मिळते. जर्नलमधल्या लेखात तेवढे नसते.

आणखी दोन फुकट ठिकाणे ध्यानात ठेवा. स्तनपान करणाऱ्या आईच्या औषधांसाठी ‘लॅक्टमेड’ आहे. औषध दुधात किती उतरते, बाळाच्या रक्तात किती आढळले, बाळावर काय परिणाम नोंदवले गेले आणि पर्याय कोणते, हे त्यात संदर्भांसह दिलेले असते. औषधाने यकृताला होणाऱ्या इजेसाठी ‘लिव्हरटॉक्स’ आहे. तिथे प्रत्येक औषधाला ते यकृताला इजा करण्याची शक्यता किती, याची ए ते ई अशी श्रेणी दिलेली असते. या विषयांवरचा प्रश्न असेल तर सुरुवात इथूनच करावी, बराच वेळ वाचतो.

आपल्या उदाहरणात लेबल काय म्हणते? अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने नोव्हेंबर २००९ मध्ये या जोडीविषयी इशारा दिला. क्लोपिडोग्रेलच्या अमेरिकी लेबलमध्ये ओमेप्राझोल आणि एसोमेप्राझोल टाळा असे आहे. काम इथेही थांबवता येईल. पण रुग्णाला आधी पोटात रक्तस्राव झालेला असेल, किंवा डॉक्टरांनी ‘याला पुरावा काय’ असे विचारले, तर पुढे जावे लागते.

कोणत्या डेटाबेसमध्ये काय आहे

पबमेड अमेरिकेच्या नॅशनल लायब्ररी ऑफ मेडिसिनचे आहे. ते १९९६ मध्ये सुरू झाले आणि १९९७ पासून सगळ्या जगाला मोफत आहे. साडेतीन कोटींहून जास्त नोंदी त्यात आहेत. नोंद म्हणजे शीर्षक, लेखक, बहुतेकदा सारांश. पूर्ण लेख नव्हे. पबमेडचा गाभा म्हणजे मेडलाइन. त्यात निवड समितीने तपासून घेतलेली जर्नल्स असतात आणि प्रत्येक लेखाला विषयशब्द लावलेले असतात. मात्र पबमेडमध्ये मेडलाइनबाहेरच्याही नोंदी येतात, उदाहरणार्थ पबमेड सेंट्रल या पूर्ण लेखांच्या संग्रहातून. काही प्रीप्रिंटही असतात, म्हणजे तज्ज्ञांनी अजून न तपासलेले लेख. म्हणून ‘पबमेडमध्ये आहे’ म्हणजे ‘तपासलेले आणि विश्वासार्ह आहे’ असे समजू नये.

एम्बेस हा एल्सेव्हिअर कंपनीचा डेटाबेस, आणि त्याला पैसे पडतात. औषधांच्या शोधात तो पबमेडपेक्षा सरस आहे असे मी मोकळेपणाने म्हणेन. युरोपातील जर्नल्स आणि परिषदांचे सारांश त्यात जास्त, आणि एकेका लेखाला औषधांचे विषयशब्द फार बारकाईने लावलेले असतात. महाविद्यालयाच्या ग्रंथालयाकडे तो आहे का हे ग्रंथपालांना जरूर विचारा. नसेल तर ‘युरोप पीएमसी’ मोफत आहे आणि तिथे पूर्ण लेखांच्या मजकुरातही शोधता येते. दुष्परिणामांचा उल्लेख पुष्कळदा सारांशात नसतो, आतल्या तक्त्यात असतो, तेव्हा याचा चांगला उपयोग होतो.

उपचार गुणकारी आहे का असा प्रश्न असेल तर कॉक्रेन लायब्ररी आधी पाहा. तिथे त्या विषयावरच्या सगळ्या चाचण्या गोळा करून तपासलेल्या असतात. चाचणी झाली पण छापलीच गेली नाही अशी शंका असल्यास क्लिनिकल ट्रायल्स डॉट गव्ह आणि जागतिक आरोग्य संघटनेचे चाचणी-नोंदणी पोर्टल पाहावे. गूगल स्कॉलर एखाद्या ठरावीक लेखाला पुढे कुणी कुणी उद्धृत केले हे पाहायला उत्तम. पण त्यावरचा शोध पुन्हा केला तर तेच निकाल येतील याचा भरवसा नाही आणि कितीही लेख मिळाले तरी पहिल्या हजारापलीकडे तो दाखवत नाही.

एका औषधाची अनेक नावे

इथे घाई करू नका. माझ्या मते औषधाच्या शोधातले निम्मे अपयश नावांत असते.

जागतिक आरोग्य संघटना प्रत्येक औषधाला एक आंतरराष्ट्रीय जेनेरिक नाव देते. त्यांची पहिली यादी १९५३ मध्ये प्रसिद्ध झाली. तरीही अमेरिकेत काही जुन्या औषधांची नावे वेगळीच राहिली, आणि पबमेड अमेरिकी असल्याने त्याचे विषयशब्द बहुधा तिकडच्या वळणाचे असतात. आपण पॅरासिटामॉल म्हणतो, तिथे ॲसिटामिनोफेन. साल्ब्युटामॉल तिथे अल्ब्युटेरॉल, रिफाम्पिसिन म्हणजे रिफाम्पिन, ग्लिबेनक्लामाइड म्हणजे ग्लायब्युराइड, पेथिडीन म्हणजे मेपेरिडीन, ॲड्रेनालिन म्हणजे एपिनेफ्रिन. स्पेलिंगचा घोळ वेगळाच. सायक्लोस्पोरिन इंग्रजीत तीन प्रकारे लिहिलेले सापडते. सल्फासालाझिनमध्ये कुणी एफ वापरतो, कुणी पीएच.

नव्या औषधाचे सुरुवातीचे लेख हवे असतील तर कंपनीचा सांकेतिक क्रमांक लागतो, कारण तेव्हा त्याला नाव मिळालेले नसते. इमॅटिनिबचे पहिले लेख एसटीआय ५७१ या नावाने आहेत, रेमडेसिव्हिरचे जीएस-५७३४ या नावाने. क्षारही पाहा: मेटोप्रोलॉल सक्सिनेट आणि मेटोप्रोलॉल टार्ट्रेट यांचे डोस देण्याचे वेळापत्रक सारखे नसते.

व्यापारी नाव शोधात जोडायला हरकत नाही, पण फक्त त्यावर कधीही शोधू नका. एकच व्यापारी नाव दोन देशांत दोन निराळ्या औषधांना असू शकते. ‘फ्लोमॅक्स’ अमेरिकेत प्रोस्टेटच्या त्रासासाठीचे टॅम्सुलोसिन आहे, तर इटलीत त्याच नावाने सूज कमी करणारे मॉर्निफ्लुमेट विकले गेले आहे. रुग्ण दुसऱ्या देशातून आला असेल तर आधी वेष्टनावरचे घटक वाचून घ्या.

औषधांचा पूर्ण वर्ग शोधताना नावाच्या शेपटावर भिस्त ठेवू नका. ओमेप्राझोल, पँटोप्राझोल, राबेप्राझोल ही आम्ल कमी करणारी. अरिपिप्राझोल मात्र मनोविकारावरचे औषध आहे. शिवाय पबमेडमध्ये शब्दाच्या सुरुवातीला तारांकन (‘इथे कोणतीही अक्षरे चालतील’ असे सांगणारी खूण) लावून शोधता येत नाही. वर्गातली औषधे एकेक करून लिहावी लागतात, किंवा ‘फार्माकोलॉजिकल ॲक्शन’ ही सोय वापरावी: प्रोटॉन पंप इनहिबिटर्स लिहून चौकोनी कंसात पी-ए ही अक्षरे टाकली की त्या क्रियेची म्हणून नोंदवलेली सगळी औषधे एकदम शोधली जातात.

विषयशब्द आणि साधे शब्द, दोन्ही हवेत

मेडलाइनमधील लेखांना लावलेल्या विषयशब्दांच्या संचाला मेश म्हणतात. १९६० पासून तो चालत आला आहे आणि दरवर्षी सुधारला जातो. लेखकाने पॅरासिटामॉल लिहिलेले असो की ॲसिटामिनोफेन, मेश शब्द एकच. हा मोठा फायदा आहे.

सर्च बॉक्समध्ये नुसते रिफाम्पिसिन टाकले तर पबमेड आपणहून ते रिफाम्पिन या मेश शब्दाशी जोडते. पण अवतरणचिन्हे, तारांकन किंवा फील्डचा टॅग (शब्द नोंदीच्या कोणत्या भागात शोधायचा हे सांगणारी चौकोनी कंसातील खूण) वापरला की ही आपोआप जोडणी बंद होते. पबमेडने आपल्या शब्दांचे काय केले हे दर शोधानंतर पाहण्याची सवय लावून घ्या: ॲडव्हान्स्ड पानावर जा, खाली शोधांचा इतिहास दिसेल, त्यात डिटेल्सचा बाण दाबा. आपण काय टाकले आणि यंत्राने प्रत्यक्षात काय शोधले, यातला फरक तिथे उघड होतो. नवख्याला यापेक्षा चांगला शिक्षक मिळणार नाही.

केवळ मेशवर राहता येत नाही, कारण ताज्या लेखांना आणि मेडलाइनबाहेरच्या नोंदींना विषयशब्द लागलेले नसतात. नव्या औषधाला स्वतःचा मुख्य मेश शब्द मिळायलाही काळ जातो. क्लोपिडोग्रेलचेच पाहा. बरीच वर्षे त्याला तो नव्हता. लेख टिक्लोपिडिन या त्याच्या जवळच्या औषधाखाली ‘त्याची रूपे’ म्हणून लावले जात, आणि जुन्या नोंदींवर तो शिक्का आजही दिसतो. म्हणून प्रत्येक कल्पनेसाठी मेश शब्द आणि साधे शब्द दोन्ही घ्या. साध्या शब्दानंतर चौकोनी कंसात टी-आय-ए-बी लिहिले की तो प्रामुख्याने शीर्षकात आणि सारांशात शोधला जातो.

आता बांधणी. पहिल्या गटात क्लोपिडोग्रेल हा मेश शब्द, क्लोपिडोग्रेल हा साधा शब्द आणि हवे तर प्लाव्हिक्स हे व्यापारी नाव, मधे ऑर, आणि सगळे कंसात. दुसऱ्या गटात ओमेप्राझोल मेश शब्द म्हणून, साधा शब्द म्हणून, एसोमेप्राझोल, प्रोटॉन पंप इनहिबिटर्स, मधे पुन्हा ऑर, पुन्हा कंसात. दोन कंसांच्या मधे अँड. अँड, ऑर आणि नॉट इंग्रजी मोठ्या अक्षरांत लिहायचे. पबमेड डावीकडून उजवीकडे वाचत जाते, त्यामुळे कंस विसरलात तर अर्थच बदलतो. दोन्ही गट आधी वेगवेगळे चालवून पाहा आणि मग इतिहासातून जोडा. चूक कुठे आहे ते लगेच कळते.

बहुतेकदा दोन गट पुरतात. तिसरा गट, म्हणजे परिणामाचा, निकाल फार आले तरच जोडावा. जोडलेल्या प्रत्येक अँडबरोबर काही उपयोगाचे लेख हातचे जातात.

दुष्परिणाम शोधताना मेशच्या उपशीर्षकांची मदत घ्या. औषधाच्या बाजूला ‘ॲडव्हर्स इफेक्ट्स’ असते आणि आजाराच्या बाजूला ‘केमिकली इंड्यूस्ड’. सिमव्हास्टॅटिनने स्नायू विघटित होतात का हे पाहायचे तर सिमव्हास्टॅटिनला पहिले आणि ऱ्हॅब्डोमायोलिसिसला दुसरे लावा. निकाल थोडे पण नेमके येतात. मग तीच कल्पना साध्या शब्दांत मांडून दुसरा, रुंद शोध करा, कारण परिणामकारकतेच्या चाचणीत दुष्परिणाम नोंदवलेले असूनही लेखाला ते उपशीर्षक लागेलच असे नाही.

फिल्टर सावकाश

डाव्या बाजूचे फिल्टर मोहात पाडतात. पण ‘ह्यूमन्स’सारखे फिल्टर मेशवर चालतात, त्यामुळे ते लावले की विषयशब्द न लागलेले ताजे लेख गुपचूप गळून पडतात. प्राण्यांवरचे अभ्यास वगळण्याची सुरक्षित पद्धत वेगळी आहे: शोधाच्या शेवटी नॉट लिहून कंसात ‘ॲनिमल्स नॉट ह्यूमन्स’ टाका, दोन्ही मेश शब्द म्हणून. त्याने केवळ प्राण्यांवरचेच अभ्यास निघतात. आणि लावलेला फिल्टर पुढच्या शोधातही तसाच राहतो. नवा प्रश्न सुरू करण्यापूर्वी तो काढला की नाही ते पाहा.

काहीच सापडले नाही तर

मे २००१ मध्ये अमेरिकेतील जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात दम्यावरील एका संशोधनात २४ वर्षांच्या निरोगी स्वयंसेविकेला हेक्सामेथोनियम हे औषध श्वासावाटे देण्यात आले. तिची फुप्फुसे निकामी झाली आणि २ जूनला ती दगावली. संशोधकांनी आधी पबमेडमध्ये शोध घेतला होता. पण त्या काळी त्यातील नोंदी १९६० च्या दशकापासून पुढच्या होत्या, आणि या औषधाने फुप्फुसांना इजा झाल्याची वर्णने १९५० च्या दशकातील जर्नल्समध्ये होती. छापील सूचींत ती मिळू शकली असती.

आज मेडलाइन १९४६ पर्यंत मागे जाते. तरी त्या जुन्या नोंदींना सारांश नसतात. मेडलाइनमध्ये सारांश १९७५ पासून येऊ लागले. त्यामुळे जुन्या औषधाबद्दल शीर्षक-सारांशात शोधताना खरे तर फक्त शीर्षकात शोध होतो. औषध जुने असेल तर शब्द कमी करा, नुसत्या औषधाच्या नावावर वर्षांची मर्यादा घालून यादी डोळ्यांखालून घाला, आणि मिळालेल्या लेखांचे संदर्भ मागे मागे तपासत जा. दुसरा डेटाबेस पाहा. एवढे करूनही हाती काही लागले नाही तर उत्तरात ‘धोका नाही’ असे लिहू नये. ‘अमुक डेटाबेसमध्ये, अमुक शब्दांनी, अमुक तारखेपर्यंत नोंद आढळली नाही’ असे लिहावे.

मिळालेले वाचताना

पबमेड निकाल ‘बेस्ट मॅच’ क्रमाने दाखवते. सुरक्षिततेच्या प्रश्नाला एकदा तारखेच्या क्रमानेही पाहा, नवा इशारा वर येतो. आधी सिस्टिमॅटिक रिव्ह्यू, मग रँडमाइज्ड चाचण्या, मग निरीक्षणात्मक अभ्यास असा क्रम ठेवावा. मात्र दुर्मीळ दुष्परिणामासाठी एका रुग्णाचा अहवालही मोलाचा असतो. चाचणीत तेवढे रुग्णच नसतात.

क्लोपिडोग्रेलच्या प्रश्नात कोजेंट ही चाचणी गाठता आली तर शोध बरोबर झाला असे धरा. ती २०१० मध्ये प्रसिद्ध झाली. क्लोपिडोग्रेल आणि ॲस्पिरिन घेणाऱ्या सुमारे ३७०० रुग्णांत ओमेप्राझोलची तुलना प्लासिबोशी केली होती. पोटातील रक्तस्राव कमी झाला आणि हृदयाच्या घटनांत ठळक फरक दिसला नाही. सारांश वाचून इथे उत्तर संपल्यासारखे वाटते. पूर्ण लेख वाचल्यावर कळते की प्रायोजकाचा पैसा आटल्याने चाचणी ठरल्याआधी थांबली, म्हणून लहानसा वाढीव धोका नाकारता येत नाही. प्लेटलेट तपासणीचे अभ्यास आणि ही चाचणी दोन्ही बरोबर असू शकतात. लेबलचा सावधपणा आणि रक्तस्रावाचा इतिहास असलेल्या रुग्णाची गरज यांचा तोल डॉक्टरांनी सांभाळायचा असतो. पँटोप्राझोल सीवायपी २सी१९ ला कमी अडवते, हा पर्यायही त्यांच्यापुढे ठेवा.

पूर्ण लेख वाचण्याविषयी मी हट्टी आहे, आणि त्याला कारण आहे. १९८० मध्ये न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये पाच वाक्यांचे एक पत्र छापले गेले: रुग्णालयात भरती असताना अफूवर्गीय वेदनाशामके मिळालेल्यांत व्यसन क्वचित आढळले, एवढेच. पुढे ते सहाशेहून अधिक वेळा उद्धृत झाले, आणि बहुतेकांनी त्याला ही औषधे व्यसन लावत नाहीत याचा पुरावा मानले. ते निरीक्षण भरती रुग्णांपुरते होते, हे अनेकांनी सांगितलेच नाही. मूळ मजकूर पाच वाक्यांचा होता. वाचायला एक मिनिटही लागले नसते.

लेख मागे घेतला गेला आहे का हेही पाहा. पबमेडवर अशा नोंदीच्या वर ठळक सूचना असते. हायड्रॉक्सीक्लोरोक्विनवरचा लॅन्सेटमधील लेख २२ मे २०२० रोजी आला आणि ४ जूनला मागे घेतला गेला. ज्यांनी मधल्या दिवसांत तो उतरवून ठेवला, त्यांच्या फाइलवर ही सूचना नाही. म्हणून साठवलेली पीडीएफ वापरण्यापूर्वी नोंद पुन्हा उघडावी. एआय चॅटबॉटने दिलेला संदर्भही पबमेड क्रमांक टाकून तपासल्याशिवाय पुढे पाठवू नका. शीर्षक, लेखक, जर्नल सगळे खरे वाटते आणि तसा लेखच नसतो, असे घडते.

नोंद ठेवा

डेटाबेसचे नाव, शोधाची तारीख, पूर्ण शोधवाक्य, मिळालेल्या नोंदींची संख्या आणि वापरलेल्या लेखांचे पबमेड क्रमांक इतके लिहून ठेवले की पुरे. शोधवाक्य ॲडव्हान्स्ड पानावरून जसेच्या तसे उचलावे, आठवणीने लिहू नये. पबमेडच्या क्लिपबोर्डवर ठेवलेल्या नोंदी आठ तास काही न केल्यास पुसल्या जातात, तेव्हा त्या झोटेरोसारख्या मोफत सॉफ्टवेअरमध्ये उतरवून घ्या.

रुग्णालयात वारंवार विचारल्या जाणाऱ्या औषधांसाठी पबमेडचे ‘माय एनसीबीआय’ खाते उघडून ‘क्रिएट अलर्ट’ दाबा. महिन्यातून एकदा ईमेल येईल असे ठेवा. रोजचा ठेवला तर चार दिवसांनी कुणी उघडत नाही. अलर्टसाठीचे शोधवाक्य साध्या शब्दांवर बेतलेले असू द्या, म्हणजे मेश शब्द लागण्याची वाट न पाहता नवा लेख हाती येतो.